‘दुर्मिळ’ या शब्दाचा आडोसा

काही शब्द दिसायला सोज्वळ असतात आणि करणीने निर्दय. ‘दुर्मिळ’ हा त्यांतला एक. हिरा दुर्मिळ, कस्तुरी दुर्मिळ, निःस्पृह पुढारी दुर्मिळ. या पंगतीत एखाद्या रोगाला नेऊन बसवले की त्या रोगाला प्रतिष्ठा येते आणि त्याच्या भोवतीची सगळी माणसे एका दमात मोकळी होतात. डॉक्टर मोकळे, सरकार मोकळे, शेजारीपाजारीही मोकळे. ‘फार दुर्मिळ रोग होता हो, कोणाला कळणार?’ असे म्हणत मंडळी लहानग्याला माती देऊन घरी परततात. ‘कोणाला कळणार’ या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मुंबईच्या प्रयोगशाळेत सापडण्याच्या पुष्कळ आधी आपल्याच गल्लीत सापडू शकते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

मी डॉक्टर नव्हे. माळशिरस तालुक्यातील प्राथमिक शाळांत उभा जन्म घालवलेला मास्तर. आमच्या तालुक्याचे एक अंग नीरेच्या उजव्या कालव्याने ओले झालेले. तिकडे ऊस, केळी आणि कारखाने. दुसरे अंग माणदेशाला टेकलेले, कुसळांचे आणि मेंढरांचे. दवाखान्यांची टंचाई आहे असे कोणी म्हणू नये. माळशिरसला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि अकलूजला तर गल्लोगल्ली पाट्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच बालरोगतज्ज्ञांच्या. तरीही जन्मतःच ज्यांच्या रक्तात रोगाशी झुंजण्याचे बळ नाही अशी मुले या तालुक्यातून नाव न लागता जातात, असे माझे म्हणणे आहे. नाव न लागता म्हणजे अगदी निनावी नव्हे. प्रत्येक वेळी एक नाव मिळतेच, पण ते चुकीचे. एकदा न्यूमोनिया, एकदा जुलाब, एकदा मेंदूज्वर, एकदा क्षय. आणि दवाखाना थकला की दृष्ट, करणी आणि सटवाईचा लेख.

हा रोग आहे तरी काय? तो एक नाही. शरीराच्या राखणदारीची जी व्यवस्था आहे, तिच्यातला कोणता ना कोणता शिपाई काही मुलांत जन्मापासूनच गैरहजर असतो. कोणाच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होत नाहीत, कोणाच्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात पण मारू शकत नाहीत, तर कोणाची सगळी फौजच कागदावर. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २०२२ च्या यादीत अशी ४८५ जन्मजात वैगुण्ये नोंदलेली आहेत. त्यांतले एकेक दुर्मिळ खरे. पण ४८५ दुर्मिळांची बेरीज दुर्मिळच राहते, हे गणित मी कोणत्याही इयत्तेत शिकवलेले नाही.

आणि ही दुर्मिळता तरी कोणी मोजली आहे? अमेरिकेत फौजच नसलेल्या बाळांचे प्रमाण लाखात एक असे पूर्वी समजत. पुढे जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर तपासणी सुरू झाली. २००८ साली विस्कॉन्सिन राज्याने आरंभ केला आणि २०१८ अखेर सगळी राज्ये त्यात आली. मध्यंतरी, २०१४ साली, तीस लाखांहून अधिक बाळांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रमाण निघाले अठ्ठावन्न हजारांत एक. रोग रातोरात वाढला नव्हता. लोकांनी पाहायला सुरुवात केली होती. आपल्या देशात वर्षाला सुमारे दोन कोटी तीस लाख बाळे जन्मतात. अमेरिकेचेच प्रमाण धरले तरी या एकाच प्रकारची चारशेच्या आसपास बाळे दरवर्षी होतात. त्यातून आमच्या भागात मामाची मुलगी करण्याची चाल. आणि जे दोष आई व बाप दोघांकडून आल्यावाचून उमटत नाहीत, ते नात्यातल्या लग्नांत अधिक उमटतात. आपल्याकडे मात्र अशी देशव्यापी तपासणी नाही. २०२१ साली भारत सरकारने दुर्मिळ रोगांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात ‘दुर्मिळ’ कशाला म्हणावे याची व्याख्याच केलेली नाही. कारण काय, तर पुरेशी आकडेवारी नाही! मोजत नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून व्याख्या नाही, आणि व्याख्या नाही म्हणून मोजण्याची घाई नाही. तेल्याचा बैल यापेक्षा लांब जातो.

आता एका मुलाची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण ते त्याचे आहे. मुलगा माझ्या वर्गात होता. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत बाळसेदार. त्यानंतर जे दुखणे लागले ते सुटेना. कान फुटणे, खोकला, ताप, छाती भरणे. दवाखाने पाच-सहा झाले. क्षयाची औषधे पूर्ण सहा महिने आणि दोनदा. प्रत्येक दवाखान्याचा केसपेपर वेगळा, आणि तो पावसाळ्यात भिजून किंवा चुलीत जाऊन संपलेला. प्रत्येक डॉक्टरपुढे मुलगा पहिल्यांदाच आजारी पडल्यासारखा उभा. त्या मुलाच्या आजारांची सलग नोंद साऱ्या जगात एकाच ठिकाणी होती: शाळेच्या हजेरीपटात. दर तीन-चार आठवड्यांनी गैरहजेरीच्या फुल्यांची एक रांग, वर्षभर. तो आठ वर्षांचा झाला तेव्हा त्याला मुंबईच्या एका रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी ‘आजवर किती वेळा?’ असे विचारले, तेव्हा बापाने हजेरीपटावरून उतरवून नेलेल्या तारखांचा कागद पुढे केला. बाईंनी तो वाचला, मुलाला आ करायला सांगितले, घशात पाहिले आणि म्हणाल्या, याला टॉन्सिल जवळजवळ नाहीतच. चार दिवसांत रक्ताचा निकाल आला. प्रतिपिंडे नाममात्र.

पहिले सहा-सात महिने तो धट्टाकट्टा का होता? आईच्या रक्तातली प्रतिपिंडे नाळेतून बाळाला मिळतात आणि तेवढे दिवस पुरतात. आईची शिदोरी संपली आणि पोराची स्वतःची चूल पेटलीच नाही. त्याला आता दर महिन्याला शिरेतून गॅमा ग्लोब्युलिन देतात. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून ते काढलेले असते. मुलगा शाळेत जातो. पण त्याच्या डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग त्या सात वर्षांनी कायमचा खाल्ला आहे. तो आता कोणत्याही औषधाने परत येणार नाही. उशिराची किंमत विचारणाऱ्यांनी ती त्या पोराला जिना चढताना पाहून विचारावी.

हा रोग वैद्यकाला नवा आहे काय? मुळीच नाही. १९५२ साली वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयातल्या ऑग्डेन ब्रूटन नावाच्या डॉक्टरांनी याच रोगाचे पहिले वर्णन छापले. त्यांचाही रोगी आठच वर्षांचा मुलगा होता. रक्तद्रवातली प्रथिने वेगळी करून पाहता गॅमा ग्लोब्युलिनचा पत्ताच नाही. ते त्यांनी बाहेरून टोचले आणि पोर सावरले. यंत्राचे श्रेय यंत्राला देऊ. परंतु त्या अहवालात मला भावते ती निराळीच गोष्ट: चार वर्षांत त्या मुलाच्या रक्तात एकोणीस वेळा जंतुदोष झाल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे यंत्रापुढे नेण्याआधी कोणीतरी एकोणीस मोजले होते. आमच्या मुलाचे कोणी तीनसुद्धा मोजले नाहीत.

माझा पहिला आरोप हा असा बेरजेचा आहे. आपल्याकडे दुखणी भागिले जातात, त्यांची बेरीज होत नाही. वर्षात दोनदा न्यूमोनिया, वारंवार फुटणारे कान, दोन-दोन महिने औषध देऊनही न हटणारे दुखणे, खोल गळवे, वर्ष उलटल्यावरही तोंडात साचणारा पांढरा थर, न वाढणारे वजन. यांतले एकेक कोणत्याही पोराला होते, दोन-तीन एकत्र आली की थांबून विचार करावा, असे साधे इशारे जगभर छापलेले आहेत. महिना उलटला तरी नाळ पडली नाही, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालण्याजोगे आहे. नाळ कधी पडली हे घरातल्या आजीला पक्के ठाऊक असते. आजीला विचारायला कोणते यंत्र लागते?

दुसरा आरोप अधिक नाजूक आहे, आणि तो आपणां सर्वांवर आहे. आमच्या भागात अजून हेळवी येतात, घराण्याची वंशावळ घडाघडा म्हणतात. पंढरपूरच्या उपाध्यांकडच्या चोपड्यांत खापरपणज्यापर्यंत नावे सापडतात. बाप, आजा, पणजा. वंश म्हणजे पुरुषांची माळ. त्या माळेत माहेराला जागा नाही आणि पाळण्यात गेलेल्या पोरांना तर नाहीच नाही. आता निसर्गाची गंमत पाहा. मी सांगितलेला रोग, आणि त्याचे आणखी काही सोबती, नेमके त्या न लिहिलेल्या वाटेने चालतात. दोष आईकडून येतो. लेकीला सहसा त्रास देत नाही, लेकाला मारतो. मामा लहानपणी गेलेला असतो, मावशीचा मुलगा गेलेला असतो, मग भाचा जातो. तीन गावांत तीन घरे, तीन आडनावे. जोडणारा धागा एका बाईच्या आठवणीत असतो आणि तिला कोणी विचारत नाही. मघाच्या मुलाच्या आईला दोन भाऊ होते. दोघेही पाच वर्षांच्या आत गेले. ‘तुझ्या माहेरी अशी पोरे गेली का?’ हा प्रश्न आठ वर्षांत तिला कोणत्याही दवाखान्यात विचारला गेला नाही. सासरी मात्र तिच्या माहेराचा उद्धार रोज होत होता. ‘पांढऱ्या पायाची’ ही पदवी तिला मिळाली होती, शिंगणापूरच्या महादेवाला नवस झाले होते, अंगारे-धुपारे झाले होते.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. दोष आईकडून येतो हे शास्त्राने सांगितले की तोच दगड उचलून तिच्यावर फेकायला आपला समाज कमी करणार नाही. करणी गेली आणि गुणसूत्र आले, बाई होती तिथेच! म्हणून डॉक्टरांनी निदान सांगताना हेही सांगितलेच पाहिजे, आणि सासऱ्याला समोर बसवून सांगितले पाहिजे, की रंगाचा, उंचीचा वारसा जसा कोणी निवडून देत नाही तसा हाही देत नाही. पुष्कळ मुलांत तर घराण्यात मागमूस नसताना तो नव्यानेच उद्भवतो. इतर अनेक वैगुण्यांत बापाचा वाटा आईइतकाच असतो. घराण्याचा इतिहास विचारायचा तो पुढच्या बाळासाठी, न्यायनिवाड्यासाठी नव्हे.

पुढच्या बाळाचे म्हणतो ते का? आपल्याकडे बाळ जन्मले की बी. सी. जी.ची लस टोचतात. ती टोचलीच पाहिजे. क्षयाच्या या देशात तिने लाखो पोरांना मेंदूच्या क्षयापासून वाचवले आहे आणि तिच्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही. परंतु ती जिवंत जंतूंची लस आहे. ज्याच्या शरीरात फौजच नाही अशा बाळात ते दुबळे जंतूही मोकाट सुटतात, काखेत गाठ धरतात, हाडांत आणि यकृतात पसरतात. ज्या घरात आधीचे मूल असे कारण न कळता गेले आहे, तिथे रक्त तपासून होईपर्यंत ही टोचणी लांबवावी असे शास्त्र सांगते. एक प्रश्न आणि थोडे थांबणे, इतकेच काम. आणि वेळेवर कळले तर काय होते तेही ऐका. १९६८ साली अमेरिकेत रॉबर्ट गुड यांनी अशा एका बाळाला बहिणीची अस्थिमज्जा देऊन वाचवले. पुढे तिकडच्या २००० ते २००९ या दहा वर्षांतल्या दोनशे चाळीस बाळांचा हिशेब निघाला. साडेतीन महिन्यांच्या आत मज्जारोपण झालेल्यांपैकी शेकडा चौऱ्याण्णव पाच वर्षांनी जिवंत होती. अंगात जंतुदोष चालू असताना ज्यांचे रोपण झाले त्यांतली निम्मीच. रोग तोच होता, फरक होता तो मुख्यतः दिवसांचा.

आता आक्षेपांकडे वळू. माझे एक डॉक्टर स्नेही म्हणतात, “गुरुजी, माझ्या दारात रोज शंभर पोरे. त्यांतल्या नव्व्याण्णवांना साधा खोकला असतो. प्रत्येकात मी तुमचा दुर्मिळ रोग शोधत बसू काय?” आक्षेप रास्त आहे. प्रत्येकात शोधू नकाच. पण तेच पोर सहाव्यांदा आले तर ते शंभरातले एक राहत नाही, एवढे तरी माना. क्षयाचे पहिले औषध देताना कोणी हरकत घेणार नाही. जंतू दिसलेला नसताना दुसऱ्यांदा देताना हात थोडा थबकावा. आणि शोधायला लागते तरी काय? रक्तातल्या पेशींची साधी मोजणी तालुक्यात कुठेही होते. त्या कागदावर लिंफोसाइट नावाच्या पेशींचा आकडा असतो. तान्ह्या बाळात तो घनमिलिमीटरला तीन हजारांच्या खाली असला तर शंका घ्यावी. मोठ्या माणसाला तो आकडा भरपूर असतो, आणि छापील कागदावरच्या सीमा बहुधा मोठ्या माणसाच्या असतात. म्हणून बाळाच्या आकड्याखाली कोणी लाल रेघ ओढत नाही. कागद घरी येतो, पिशवीत राहतो. निदान पिशवीतच असते, कोणी वाचत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. जिथे कुपोषणाने पोरे मरतात तिथे ही चैन कशाला? हा युक्तिवाद गरिबाच्या नावाने केला जातो आणि पैसे गरिबाचेच जातात. त्या मुलाच्या बापाने सात वर्षांत चुकीच्या निदानांपायी एक म्हैस, आईचे मणी आणि अर्धा एकर घालवले. खरे निदान व्हायला लागलेली रक्ततपासणी त्या म्हशीच्या शिंगाच्या मोलाचीही नव्हती. पुढचे औषध महाग आहे हे खरे. मात्र त्यासाठीही काही दारे उघडू लागली आहेत. त्या राष्ट्रीय धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांतून पन्नास लाखांपर्यंत साहाय्याची तरतूद २०२२ साली झाली, मुंबईचे के. ई. एम. त्या केंद्रांत आहे, आणि मज्जारोपणाने बरी होणारी काही प्रतिकार-वैगुण्ये धोरणाच्या पहिल्याच गटात आहेत. पण या दाराशी निदानाचा कागद घेऊन जावे लागते. निनावी रोगाला अनुदान मिळत नाही.

तिसरा आक्षेप यंत्रांचा. खेड्यात यंत्रे कुठून आणणार? आणूच नका. मुंबईला परळमध्ये के. ई. एम.च्या आवारात राष्ट्रीय रक्तप्रतिकारशास्त्र संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांचे संदर्भ-केंद्र म्हणून ती सुरू झाली. आज ती नेमक्या याच वैगुण्यांचा शोध घेते. महाराष्ट्राला यंत्रांची वाण नाही. माळशिरसपासून परळ सुमारे तीनशे किलोमीटर. काही तपासण्यांना जिवंत पेशी लागतात, म्हणून रक्त ताजे पोहोचावे लागते हे खरे. पण आमची द्राक्षे-डाळिंबे याहून लांब ताजी जातात. अडचण त्या तीनशे किलोमीटरांची नाही. आईच्या तोंडापासून केसपेपरपर्यंतचे जे दोन हात अंतर आहे, ते अजून कोणी ओलांडलेले नाही.

आणि नोंद ठेवणे आम्हाला जमत नाही असे तर कोणी म्हणूच नये. आमच्या तालुक्यात उसाच्या प्रत्येक फडाची लागणीची तारीख कारखान्यात लिहिलेली असते. गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. डेअरीवर रोजच्या दुधाचे फॅट कागदावर उतरते. आषाढात माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत जाते, तेव्हा लाखो वारकऱ्यांना औषधपाणी देणारी यंत्रणा याच रस्त्यावर उभी राहते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना तान्ह्या बाळांचा श्वास मोजायला आणि जंतुदोष ओळखायला शिकवले. नवजात बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यांनी १९९९ साली जगापुढे मांडले. ते सारे मोजणीतून आणि नोंदीतून साधले. मग गाईला जी वही आहे ती पोराला का नसावी?

मागणी मोठी नाही. २०१३ साली पालघरला ज्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, त्याची पथके अंगणवाड्यांतून आणि शाळांतून फिरतात. त्यांच्या सुमारे तीस व्याधींच्या यादीत ही वैगुण्ये नाहीत, ती घालावीत. बालमृत्यूची चौकशी करण्याचे नियम २०१४ पासून कागदावर आहेत. त्या चौकशीत ‘आईच्या माहेरी अशी मुले गेली काय’ हा रकाना ठळक असावा आणि ‘न्यूमोनिया’ लिहून फाइल मिटू नये. लसीच्या कार्डावर आजारपणांसाठी एक पान जोडावे आणि प्रत्येक डॉक्टरने त्यावर दोन ओळी लिहिल्याखेरीज औषध देऊ नये. आणि शंका आलेल्या बाळाचे रक्त सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामार्फत परळला जाण्याची एक ठरलेली वाट असावी, म्हणजे बापाला म्हैस विकून ती वाट स्वतः शोधावी लागणार नाही.

यांतल्या काही गोष्टींना मुंबई-दिल्लीचा हुकूम लागेल, आणि तो यायचा तेव्हा येईल. पण बाळंतिणीला तिच्या गेलेल्या भावांविषयी विचारायला कोणाचा हुकूम लागत नाही. आशाताई विचारू शकते, नर्स विचारू शकते, दीर-नणंद विचारू शकते, मास्तर विचारू शकतो. या तालुक्यात आज कुठेतरी एक पोर सातव्यांदा तापाने फणफणले असेल आणि त्याला सातव्यांदा नवी बाटली मिळाली असेल. त्याचे आधीचे सहा ताप आणि आईचे गेलेले भाऊ एका कागदावर मांडून पाहा. ते केल्यावरही काही निघाले नाही, तर खुशाल रोगाला दुर्मिळ म्हणा. त्याआधी तो शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला नाही.